सव्वासातचं टेबल, साडेनवाचं पान

२७ डिसेंबर २०२४, शुक्रवार. अमेरिकेतलं ऑर्लँडो, तिथलं एक मोठं थीम पार्क. रात्री नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आईसमोर पास्त्याची ताटली आली. आमच्यापैकी बाकी पाच जणांचं जेवण तोवर उरकलं होतं, धाकटा माझ्या मांडीवर कलंडला होता आणि दिवसभर पाय ओढत जिची वाट पाहिली ती आतषबाजी बाहेर होऊन गेली होती. आम्ही आत बसून तिचे धमाके तेवढे ऐकले. पास्ता कडेला चटका बसेल असा आणि मधे गार. आईने दोन घास घेतले आणि म्हणाली, "राहू दे रे, भूक मेली आता."

मी पुण्यात नऊ वर्षं हॉटेलच्या धंद्यात काढली. ट्रे उचलण्यापासून सुरुवात, मग कॅप्टन, मग रेस्टॉरंट मॅनेजर. आता अमेरिकेतल्या शार्लट शहरात एका रुग्णालयाच्या खानपान विभागात आहे. त्यामुळे त्या रात्री राग तर आलाच, पण डोक्यात दुसरं चक्रही फिरायला लागलं: हे नक्की कुठे फसलं? फोनमधले फोटो, पार्ककडून आलेले संदेश आणि बिल समोर ठेवून मिनिटांचा ताळा लावला, त्यातून हे टिपण झालं. पार्कचं आणि हॉटेलचं नाव देत नाही. सजावटीचं वर्णनही करत नाही, नाहीतर ओळख पटेल. नाव कळलं की वाचणारा "बरं, मग आपण शेजारच्या पार्कात जेवू" म्हणून मोकळा होतो, आणि दुखणं तिथे नाहीच असं माझं मत आहे.

मंडळी आणि बेत

आम्ही सहा जण. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. बाबा मासे-चिकन खातात. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा म्हणजे ऑर्लँडोत गर्दीचा कळस. शाळेच्या सुट्ट्या पाहता दुसरा इलाज नव्हता, अशी आम्ही आमची समजूत घातली.

आदल्या दिवशी, गुरुवारी, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि सफला एकादशी एकत्र आली होती. आईचा उपास. साताऱ्याहून आणलेले राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि बदाम यांवर तिने अख्खा दिवस काढला, तोही चालत. दुपारी मी फ्रेंच फ्राइज घ्यायला निघालो, बटाटा तर चालतो. आई म्हणाली, "त्या तेलात आणखी काय तळतात ते विचार आधी." खिडकीतल्या पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, चिकनही त्याच तेलात. फ्राइज मुलांनी संपवले. मी आईला म्हटलं, "उद्या रात्री नीट बसून जेवू." या प्रकरणातला पहिला करार तो, आणि तो पार्कने केलेला नाही, मी केलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

जेवणाचं आरक्षण पाच आठवडे आधी केलेलं होतं: शुक्रवार, संध्याकाळी सव्वासात, सहा माणसं. ठरावीक दराचं जेवण, म्हणजे सॅलड, मुख्य पदार्थ आणि गोड मिळून माणशी एकच भाव. मोठ्यांना ५८ डॉलर, लहानांना ३५. नऊ वर्षांपर्यंतच लहान, त्यामुळे दीड पोळीत पोट भरणारी माझी मुलगी तिथे मोठ्यांत धरली गेली. नऊ वाजता आतषबाजी. सव्वासातला बसू, साडेआठला उठू, पावणेनऊला चौकात जागा धरू. कागदावर चोख बेत होता.

घटनाक्रम

सात वाजता दारात हजर. "टेबल तयार होतंय, फोनवर कळवू." बाहेर बाकं दोन आणि माणसं पन्नासेक. बाबा कठड्याला टेकले. ७:५४ ला संदेश आला. आमचं टेबल म्हणजे चौघांचं एक आणि दोघांचं एक, जोडून ठेवलेली. आत जाता जाता मला तीन टेबलं रिकामी दिसली, त्यातल्या एकावर उष्टी भांडी तशीच. मी बायकोला हळूच म्हटलं, "गडबड आहे." दारात गर्दी आणि आत रिकामी टेबलं, याचा अर्थ धंद्यातल्या माणसाला लगेच कळतो. खुर्च्या आहेत, हात कमी आहेत. अशा वेळी शहाणा मॅनेजर मुद्दाम टेबलं अडवून धरतो, कारण सगळी भरली तर भटारखाना कोलमडेल. ते बरोबरच आहे. फक्त दारात उभ्या असलेल्याला ते कोणी सांगत नाही.

८:०३ ला पाणी, ८:१६ ला ऑर्डर. वेटर विशीतला मुलगा. तोंडावर हसू, नजर पुढच्या टेबलावर. आईचं मी सावकाश सांगितलं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाच्या पाण्यात शिजवलेला भात किंवा सूप नाही. "ॲब्सोल्यूटली," तो म्हणाला आणि लिहिलं काहीच नाही. मी स्वतः वेटर पोरांना कितीदा ओरडलोय यावरून! तरी त्या क्षणी गप्प बसलो, कारण लेकरं भुकेली होती आणि मला वाद नको होता.

८:३३ ला सॅलड आलं. आईच्या सॅलडवर बेकनचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा, चुरा. परत पाठवलं. चार-पाच मिनिटांत ताट परत आलं, बेकन गायब. पण ते नवं ताट नव्हतं. चुरा वेचून काढला होता, आणि एक तुकडा लेट्यूसच्या पानाखाली राहून गेला होता. आईने ताट बाजूला सरकवलं आणि वर त्या पोरालाच "थँक्यू" म्हणाली. माझा खरा तोल तिथे गेला, पुढच्या उशिराने नाही. साताऱ्यात आमच्या घरी मांसाहाराची भांडी वेगळी, शेगडी वेगळी. बाबा चिकन खाऊन आले की पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेतात. ही सोवळ्याची टिंगल करायची गोष्ट नाही. पन्नास वर्षांच्या संसारात दोघांनी सांभाळलेला तो एक समझोता आहे. आणि इथे एक अनोळखी पोर बोटांनी बेकन वेचतो आणि "झालं ठीक" म्हणून ठेवून जातो.

नऊ वाजता पहिला धमाका. "आजोबा, फटाके!" म्हणत धाकटा खुर्चीवर उभा राहिला. बायको म्हणाली, मी दोघांना घेऊन पळत जाऊन येते. तेवढ्यात, ९:०४ ला, पाच ताटल्या आल्या आणि कोणीच उठलं नाही. बाबांचा मासा कोरडा, चिमटा काढला तर भुगा व्हावा असा. माझ्या ताटातलं मांस मागितल्यापेक्षा पुष्कळ जास्त शिजलेलं. मुलांचं चिकन मात्र चांगलं होतं, ते कबूल करायला हवं. आईचं पान नव्हतंच. सगळ्यांना वाढल्याशिवाय हात लावायचा नाही ही घरची सवय, म्हणून आम्ही दोन-तीन मिनिटं ताटांकडे बघत बसलो. शेवटी आईच म्हणाली, "गार होतंय, जेवा गुमान." दोनदा आठवण केली. ९:२८ ला ती ताटली आली, जिची हकिगत वर आलीच आहे.

बिल

मोठी पाच माणसं, २९० डॉलर. लहान एक, ३५. माझी एक बिअर १२. एकूण ३३७. ऑरेंज काउंटीचा विक्रीकर साडेसहा टक्के, २१.९१. सहा किंवा जास्त माणसं म्हणून आपोआप लावलेली १८ टक्के टीप, ६०.६६. बेरीज ४१९.५७ डॉलर. तेव्हाच्या साधारण ८५ रुपये भावाने साडेपस्तीस हजारांच्या वर. बाबांनी हा गुणाकार मनातल्या मनात केला होता हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही.

टीप कापून घेतल्यावर खाली आणखी एक रिकामी ओळ होती: अतिरिक्त टीप. घाईत मी तिथे सवयीने वीस टक्के लिहिणारच होतो. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे अशी आपोआप लागणारी टीप मेन्यूवर आणि बिलावर नमूद करावी लागते. ती होती, बारीक अक्षरात. म्हणजे फसवणूक नाही. पण दमलेला बाप, मांडीवर पोर आणि अंधूक दिवा, या तिन्हींचा हिशेब करून ती ओळ तिथे ठेवली आहे असं मला वाटतं.

बाबांनी विचारलं, "जेवण असं, तरी बक्षिसी द्यायची?" मी त्यांना सांगितलं की तिथे ती बक्षिसी नसते, पगार असतो. त्या डिसेंबरात फ्लोरिडात किमान वेतन तासाला १३ डॉलर होतं, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ९.९८ दिले तरी चालत होतं, बाकीचं टिपेतून भरून निघायचं. "म्हणजे मालकाने द्यायचा पगार गिऱ्हाइकाने द्यायचा," बाबा म्हणाले. हो, तेच. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच बिलात आपोआप सेवाशुल्क लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तिथे रीत उलटी आहे, आणि तिथे जेवायचं तर ती पाळावी लागते. त्या पोराची टीप कापावी असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याचं का, ते पुढे येतं.

आरक्षण म्हणजे टेबल नव्हे

लोकांना वाटतं आपण सव्वासातचं टेबल घेतलं. प्रत्यक्षात आपण सव्वासातच्या सुमाराला रांगेत पुढे उभं राहायचा हक्क घेतलेला असतो. आधीचे लोक उठले तरच तुम्ही बसणार. दुपारपासून प्रत्येक पाळी पाच-सात मिनिटं जरी लांबली, तरी संध्याकाळच्या पाळीच्या वाट्याला दिवसभराचा सगळा उशीर साचून येतो. त्यात आम्ही सहा. सहा जणांची तयार टेबलं फार थोड्या ठिकाणी असतात. शेजारशेजारची दोन टेबलं एकाच वेळी रिकामी व्हावी लागतात, म्हणजे चार जणांचं कुटुंब उठलं तरी शेजारचं जोडपं कॉफी पीत बसलंय म्हणून तुम्ही बाहेर. चार आणि दोन अशी दोन आरक्षणं केली असती, तर वीस-पंचवीस मिनिटं वाचली असती आणि आपोआपची टीपही लागली नसती.

शिवाय भूक सगळ्यांना एकदम लागते. हे थीम पार्कवाल्यांना कळत नाही असं नाही, तरी त्यांचा अंदाज चुकतो. हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्यांना पॅरिसजवळच्या युरो डिस्नेचा दाखला हमखास देतात. १२ एप्रिल १९९२ ला ते सुरू झालं. युरोपातले लोक सकाळी न्याहारी करत नाहीत असं कोणीतरी सांगितलं, म्हणून न्याहारीच्या जागा लहान ठेवल्या. लोक आले ते पोटभर न्याहारी मागत, आणि साडेतीनशे खुर्च्यांच्या हॉटेलात अडीच हजार न्याहाऱ्या काढायची वेळ आली. दुपारी फ्रेंच माणूस जेवायच्या वेळेला जेवणारच, मग सगळा पार्क एकदम रांगेत. वर जेवणाबरोबर वाइन मिळत नव्हती, ती बंदी १९९३ मध्ये उठवावी लागली. आमच्या रात्री आतषबाजी नऊला होती, म्हणजे प्रत्येक शहाण्या कुटुंबाने सात-सव्वासातच गाठलेले असणार. मी स्वतःला फार हुशार समजत होतो, तेवढेच हुशार आणखी काही शे लोक होते.

आपल्या पंगतीत सगळ्यांना एकदम बसवतात आणि एकदम वाढतात, ते निभतं कारण स्वयंपाकच पंगतीसाठी रांधलेला असतो. एकाच मसालेभाताचं पातेलं, एकच वाढपी ओळ. इथे गर्दी पंगतीची आणि मेन्यू मात्र प्रत्येकाच्या पसंतीचा.

शाकाहार हा कुठल्याच चौकटीत बसत नाही

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, कारण आपल्या लोकांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

अमेरिकेत नऊ मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ कायद्याने ठरलेले आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे जीव, सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. कायदा पाकीटबंद मालाच्या लेबलांचा आहे, पण हॉटेलांचे भटारखानेही हीच यादी समोर ठेवून काम करतात. तुम्ही "शेंगदाण्याची ॲलर्जी" म्हणालात की वेगळी चिठ्ठी निघते, आचाऱ्याला कळतं, तवा बदलतो, कित्येक ठिकाणी शेफ स्वतः टेबलापाशी येतो. कारण चूक झाली तर माणूस मरू शकतो आणि हॉटेल कोर्टात जातं. "शाकाहारी" म्हणालात की ती आवड ठरते. "कांदा कमी" किंवा "बर्फ नको" यांच्या रांगेत. तिला वेगळी चिठ्ठी नाही, वेगळा तवा नाही, कोणाची सही नाही. बेकन वेचून काढणाऱ्या पोराच्या डोक्यात म्हणूनच काही वाईट आलं नसणार. त्याच्या शिकवणीत बेकन हा ॲलर्जीचा पदार्थ नाही, आणि "नको असलेली गोष्ट काढून टाकली" एवढंच त्याने केलं.

मेन्यूवर "प्लँट बेस्ड" लिहिलेलं पाहूनही आपण फसतो. त्याचा अर्थ पदार्थात प्राणिज काही नाही एवढाच. तो कुठल्या तव्यावर आणि कुठल्या तेलात झाला, याची हमी त्यात असतेच असं नाही. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये बारीक मासे असतात, मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असतं, भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. हे विचारावंच लागतं, आणि प्रत्येक पदार्थाचं वेगळं.

आमच्या ओळखीतली काही मंडळी सरळ "अंड्याची ॲलर्जी आहे" म्हणून सांगतात आणि त्यांचं काम होतं. मला ते पटत नाही. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात खरी ॲलर्जी म्हणजे काय ते मी रोज पाहतो. खोट्या चिठ्ठ्या वाढल्या की आचारी खऱ्या चिठ्ठीकडेही डोळेझाक करायला लागतो, आणि त्याची किंमत कुणाचं तरी लेकरू मोजतं. पण मधला रस्ता आहे, आणि तो मी घेतला नाही. आरक्षणाच्या अर्जात "विशेष विनंती" म्हणून दोन ओळी लिहून मी निश्चिंत झालो. त्या ओळी दारातल्या मुलीच्या पडद्यावर दिसतात, भटारखान्यापर्यंत पोचतात की नाही देव जाणे. बसल्या बसल्या, ऑर्डर द्यायच्या आधी, "शेफशी दोन मिनिटं बोलता येईल का" एवढं विचारायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

थांबणारं अन्न आणि न थांबणारं

बाबांचा मासा कोरडा का? आचारी वाईट म्हणून नव्हे. मोठ्या गर्दीच्या भटारखान्यात पदार्थ तयार होऊन पासवर, म्हणजे ताटल्या बाहेर द्यायच्या कट्ट्यावर, दिव्याखाली, उचलणाऱ्या माणसाची वाट पाहत पडून राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना संहितेत गरम अन्न किमान ५७ अंश सेल्सिअसवर ठेवायला सांगितलं आहे. त्याने माणूस आजारी पडत नाही. पण माशाला त्या उष्णतेत दहा मिनिटं ठेवा, त्याचा लाकडाचा भुसा होतो. आमचे पाच पदार्थ एकदम आणायचे म्हणून जो आधी झाला तो थांबला, आणि आधी झाला मासा. मुलांचं तळलेलं चिकन तेवढं सोसून गेलं.

आपल्याला हे घरच्या स्वयंपाकातून ठाऊक असतं, फक्त परदेशी मेन्यू समोर आला की विसरतो. आमटी, उसळ, मिसळीचा कट थांबला तर मुरतो. पोळी, भजी, मासा थांबत नाही. पार्कातल्या हॉटेलात मंद शिजवलेलं, रश्श्यातलं, भातावर घालून खायचं ते मागवावं. स्टेक, मासा आणि पास्ता टाळावा. आईची ताटली कडेला गरम आणि मधे गार होती, याचा अर्थ ती विसरली गेली होती, आठवण केल्यावर मायक्रोवेव्हमध्ये फिरवून आणली.

गल्ल्यावर कोणी नाही

पुण्यात मी ज्या हॉटेलात शिकलो तिथे मालक गल्ल्यावर बसायचे. जेवण झाल्यावर गिऱ्हाईक पैसे द्यायला आलं की ते बिलाकडे बघायचे नाहीत, ताटाकडे बघायचे. ताटात भाजी उरलेली दिसली की हाक मारून विचारायचे, "काय झालं, आवडली नाही?" त्यांना त्या माणसाने परवा पुन्हा यायला हवं होतं. त्यांचा धंदा त्या परवावर चालत होता.

पार्कातल्या हॉटेलाला तुमचा परवा नकोच असतो. तुम्ही साताऱ्याहून किंवा शार्लटहून आला आहात, पुन्हा येणार पाच-दहा वर्षांनी, आणि येणार ते पाळण्यांसाठी. तिकीट काढून आत आलात की बाहेर जाऊन जेवणं म्हणजे पार्किंगपर्यंतची पायपीट आणि पुन्हा तपासणीची रांग. शेजारी स्पर्धक नाही, कारण शेजारचं हॉटेलही त्याच कंपनीचं. अशा ठिकाणी जेवण चांगलं व्हावं याची ओढ कोणाला? शेफला असते, वेटरला असते, माणसं म्हणून. पण जिथून माणसं किती लावायची हे ठरतं त्या टेबलाला ती असायचं काही कारण नाही. रिकामी टेबलं, सात-सात टेबलं सांभाळणारा एक पोर, न लिहिलेली ऑर्डर, ही सगळी त्या ठरवण्याची पिल्लं. म्हणून त्याची टीप कापण्यात मला अर्थ दिसला नाही.

आणि हो, आमच्या हातूनही कमी चुका झाल्या नाहीत. संध्याकाळी पाचला पॉपकॉर्न आणि आइस्क्रीम दिल्यामुळे मुलांना सव्वासातला भूक नव्हती आणि आठला अचानक लागली. मेन्यू आधी वाचला असता तर दिसलं असतं की शाकाहारी पदार्थ एकच आहे. आणि वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा निवडून त्यातली सगळ्यात गर्दीची वेळ मीच मागितली होती.

तक्रार

९:३६ ला मी मॅनेजरला बोलावलं. तिशीतली बाई, दमलेली, पण बसलेल्या माणसाशी बोलताना ती खाली वाकली, ते मला आवडलं. मी आवाज चढवला नाही. "उशीर झाला, वाईट वाटलं" असं मोघमही बोललो नाही. वेळा सांगितल्या: ७:५४, ८:१६, ८:३३, ९:०४, ९:२८. बेकनचा तुकडा दाखवला. आणि मला काय हवं ते एका वाक्यात सांगितलं: आईच्या जेवणाचे पैसे कमी करा. दुसऱ्या बाजूला उभं राहून मी शिकलोय की गिऱ्हाईक नुसतं चिडलं तर मॅनेजर गोड पदार्थ फुकट देऊन सुटतो. गिऱ्हाइकाने आकडा सांगितला तर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. तिने हो म्हटलं. नवं बिल: २७९, त्यावर कर १८.१४, टीप ५०.२२, एकूण ३४७.३६. टीप आपोआप साडेदहा डॉलरनी उतरली होती, म्हणून दहाची नोट मी त्या पोराच्या हातात दिली. त्याला ती कशासाठी ते कळलं नाही.

सकाळी पार्कच्या मदत कक्षात तीच हकिगत लिहून दिली. त्यांनी सहा जणांना एका राइडची रांग टाळायचे पास दिले. बाबा पास उलटसुलट करून बघत म्हणाले, "जेवणाच्या बदल्यात पाळणा?" आई बसली त्या पाळण्यात. डोळे मिटून, पण बसली.

पुढचे दोन दिवस आम्ही बसून जेवायच्या फंदात पडलो नाही. त्या पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी होती. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत ते फाटकावरच काढून घेतात. आईने भाड्याच्या घरात दशम्या केल्या, बरोबर लसणाची चटणी. फाटकावरच्या माणसाने स्टीलचा डबा उघडला, चटणीचा वास घेतला आणि मान हलवून आत सोडलं. मुलांना पावणेअकरालाच, रांगा लागायच्या आधी, खिडकीवरून खायला घालायचं. नऊची आतषबाजी शेवटच्या दिवशी दिसली.

जानेवारीत कंपनीकडून मेल आला, तुमचा अनुभव सांगा म्हणून. सजावट कशी वाटली, कर्मचारी हसतमुख होते का, पुन्हा येणार का. जेवण किती वाजता आलं हा प्रश्न नव्हता. खाली एक चौकट होती: तुमच्या वेटरचं नाव. ती मी रिकामी ठेवली. पान पुढे सरकेना. चौकट लाल झाली, नाव भरल्याशिवाय अर्ज जाणार नाही असं वर आलं. नाव बिलावर छापलेलं होतं, बिल माझ्या समोरच होतं. मी खिडकी बंद केली.